कुंकू लावलेला प्रोसेसर

माझा प्रोसेसर झेंडूच्या दोन फुलांच्या मध्ये पाटावर ठेवलेला होता आणि त्याला हळदीकुंकू लावलेलं होतं.

सकाळचे साडेनऊ झाले होते. खंडेनवमीचा दिवस. आमच्या घराखालच्या वर्कशॉपमध्ये आबांची सगळी हत्यारं धुऊन, पुसून, तेल लावून पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडली होती. पाने, कानशी, हातोडे, मायक्रोमीटर, व्हर्नियर. मागे लेथला झेंडूचा हार. आणि कापडाच्या शेजारी एका वेगळ्या पाटावर माझा मदरबोर्ड, दोन लाल रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आणि माझा स्क्रूड्रायव्हर. आई हातात करंडा घेऊन, मोठं काम निगुतीनं उरकल्यासारखी हसत उभी होती.

"तुझीबी हत्यारंच की ती," ती म्हणाली. "वर टेबलावर तशीच पडली हुती. वर्साचा सण, त्यांची पूजा नको व्हय?"

मी खाली वाकून बघितलं. बाकीच्या वस्तूंना तिनं कडेकोपऱ्याला बोट लावलं होतं, त्याचं काही नव्हतं. पण प्रोसेसर तिनं प्लास्टिकच्या डबीतून बाहेर काढला होता. त्याला दोन बाजू असतात. एक साध्या पत्र्याची. दुसऱ्या बाजूला हजारभर बारीक सोनेरी ठिपके, ज्यांतून त्याचा सगळा जीव बोर्डाशी बोलतो. आईनं सोनेरी बाजू वर करून, बरोबर मधोमध, आधी हळद आणि मग कुंकू लावलं होतं. ही बाजू का, तर उद्या दसरा, आणि ही बाजू सोन्यासारखी दिसली.

मी तिला जे बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. त्यातलं 'तुला काही कळतं का' हे सगळ्यात सौम्य होतं. बटण बंद केल्यावर पंखा जसा थोडा वेळ फिरत राहतो, तसं आईचं हसू थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं आणि मग थांबलं.

इतकं बोलायचा मला अधिकार काय होता, तर मी त्या वेळी वीस वर्षांचा होतो आणि कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ होतो. हे तज्ज्ञपण मला कुणी दिलेलं नव्हतं, मीच घेतलं होतं. आम्ही लोहार. कोल्हापुरात उद्यमनगरात आबांचं छोटं वर्कशॉप, दोन लेथ आणि एक ड्रिल. पंपांचे बुश आणि शाफ्ट करून द्यायचं काम. मी डिप्लोमा दोनदा सोडला होता, म्हणजे एकदा मी सोडला आणि एकदा त्यांनी मला सोडलं. त्यानंतर वर्षभर मी घरात बसून स्वतः कॉम्प्युटर जोडायचे व्हिडिओ बघत होतो. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर पत्त्यांपलीकडं एक गेम चालत नव्हता. पण कुठल्या गेमला कुठलं ग्राफिक्स कार्ड लागतं यावर मी मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये पंजाबपासून केरळपर्यंतच्या लोकांशी भांडत होतो. पाण्यात पाय न घालता पोहण्यावर व्याख्यानं देणारी माणसं असतात, त्यांतला मी एक.

गणपती गेले आणि आबांनी मला समोर बसवलं. आबा फार बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या मानानं ते भाषणच झालं.

"तुझा तो गेमचा कॉम्प्युटर घे एकदाचा," ते म्हणाले. "सामान तू निवडायचं, तू जोडायचं. दसऱ्याला माझ्यासमोर चालू करून दाखव. चालला तर माळ्यावरची खोली तुझी, तिथं लोकांचे कॉम्प्युटर जोडून दे, काय दुकान मांडायचं ते मांड. न्हाई चालला तर एकादशीला सकाळी लेथवर उभा राहायचं. मग परत कॉम्प्युटरचं नाव काढायचं न्हाई."

मला लेथवर उभं राहायचं नव्हतं. ते काम हलकं आहे असं मी तेव्हा ग्रुपवर म्हणायचो. खरं कारण म्हणजे मला ते जमत नव्हतं. लोखंडाचा तापलेला कीस शर्टात उडायचा, आणि आबा इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत माप आणायचे तिथं माझं माप कुठंतरी त्याच्या शेजारच्या गावात असायचं. माळ्यावरची खोली म्हणजे माझी सुटका होती. म्हणून मी तीन आठवडे जीव तोडून सामान निवडलं.

निवडलं म्हणजे काय ते सांगतो. सगळ्यात आधी मी कॅबिनेट घेतलं. काचेचं, आत तीन पंखे, पंख्यांना रंग बदलणारे दिवे. लोक घर बांधून मग पडदे घेतात, मी पडदे घेऊन घराला सुरुवात केली. कॅबिनेटला लाल पट्टी होती म्हणून रॅम लाल घेतल्या. रॅम लाल म्हणून मदरबोर्ड असा ठरवला की काळ्या अंगावर लाल रेघा असतील. तो एका व्हिडिओत होता. व्हिडिओतल्या माणसानं त्याची इतकी तारीफ केली की शेवटी मलाच संकोच वाटला. तो व्हिडिओ दीड वर्षापूर्वीचा आहे, हे खाली लहान अक्षरांत लिहिलं होतं. लहान अक्षरं वाचणं हे तज्ज्ञांचं काम नव्हे.

प्रोसेसर मात्र मी नव्यातला नवा घेतला. त्याच वर्षी आलेला. जुना कोण घेतं? तो दसऱ्याच्या सेलमध्ये घरबसल्या मागवला आणि बोर्ड आणायला राजारामपुरीत शहापुऱ्यांच्या दुकानात गेलो.

शहापुरे पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. मी बोर्डाचं नाव सांगितल्यावर त्यांनी तो आतून काढून आणला, धूळ झटकली आणि विचारलं, "ह्यावर प्रोसेसर कुठला बसवणार?"

मला व्हिडिओवाल्यांनी शिकवून ठेवलं होतं की दुकानदार असं विचारतो तेव्हा त्याला आपल्या गळ्यात काहीतरी मारायचं असतं. मी म्हणालो, "ते माझं मी बघतो."

"तसं न्हवं, मागच्या सालचा बोर्ड हाय हा, म्हणून विचारलं."

"सगळं बघूनच आलोय मी."

शहापुऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, मला नीट बघितलं आणि पुन्हा कपाळावर ठेवला. मग बोर्ड पिशवीत घालत म्हणाले की पावती तेवढी जपून ठेवा. मी ती बाहेर आल्या आल्या चुरगाळून टाकली. मी काय परत येणार होतो?

त्या संध्याकाळी मी सगळं सामान जेवणघरात मांडून दाखवलं. आई प्रत्येक वस्तू पदराला हात पुसून मग हातात घेत होती. आबांनी बोर्ड उचलला, उजेडाला धरला, प्रोसेसर बसायची चौकोनी जागा बघितली आणि म्हणाले, "हे एका दुकानातनं आणि ते दुसरीकडनं?"

मी म्हणालो, हो.

"आटे जुळत्यात काय?"

मला हसू आलं. मी त्यांना समजावलं की कॉम्प्युटरला आटे नसतात. दोन्हींच्या खोक्यांवर जागेचा नंबर एकच छापलाय, ठिपके तेवढेच आहेत, मापाचा प्रश्नच येत नाही. आबा आपल्या रीतीनं सावकाश बोलले. त्यांचं म्हणणं असं की बोल्ट अर्ध्या इंचाचा असतो, नटही अर्ध्या इंचाचा असतो, पण एक एका जातीच्या आट्याचा आणि दुसरा दुसऱ्या. चार फेरे अगदी झक्कास जातो आणि मग अडकतो. म्हणून नट आणि बोल्ट एकाच माणसाकडून, एकमेकांत फिरवून बघून घ्यायचे. "बसलं म्हंजे चाललं असं नसतंय," ते म्हणाले.

"आबा, तो लेथ आहे आणि हा कॉम्प्युटर आहे," मी म्हणालो, आणि मदतीसाठी आईकडं बघितलं.

आई माझ्या बाजूनं नेहमीच असायची. "गप बसा की," ती आबांना म्हणाली. "तुम्हाला लेथमधलं कळतंय. कॉम्प्युटरमधलं त्याला कळतंय."

आबांनी बोर्ड खाली ठेवला. मी आईला टाळी दिली.

तर खंडेनवमीच्या त्या सकाळी मी पाटावरून प्रोसेसर उचलायला हात पुढं केला, तेव्हा आबांनीच अडवलं. मांडलेली पूजा दसऱ्यापर्यंत हलवायची नसते. हत्यार नवमीला विश्रांती घेतं, ते कुणाचंही असो. मी म्हणालो की अहो आतल्या आत कुंकू झिरपेल. ते म्हणाले की लेथला तीस वर्षं लावतोय, अजून झिरपलं नाही. म्हणजे माझा स्क्रूड्रायव्हरही अडकला. मी अख्खा दिवस पाटाभोवती घिरट्या घालत काढला. दुपारी गडहिंग्लजहून मालन आत्या आली. आबांची थोरली बहीण, दर दसऱ्याला येते, आणि तिला एखादी गोष्ट कळली की गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत चार घरांच्या बायका प्रोसेसरचं दर्शन घेऊन गेल्या. आई प्रत्येकीला सांगत होती की माझंच चुकलं, पोराला विचारायला हवं होतं.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरली आणि मी कामाला लागलो. स्पिरिट आणलं, आईच्या जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा घेतला आणि सोनेरी बाजू पुसली. मग आबांचं भिंग घेतलं, ज्यातून ते व्हर्नियरच्या रेघा बघतात, आणि एकेक ओळ तपासली. दोनदा पुसून तिसऱ्यांदा तपासली. कुंकवाचा एक कण नव्हता. ठिपके नवे होते तसे लखलखत होते.

जोडायला दुपार झाली. वर्कशॉपच्याच टेबलावर जोडत होतो, कारण आबांच्या समोर चालू करायचा असं ठरलं होतं. आबा लेथच्या स्टुलावर बसलेले. मालन आत्या खुर्चीवर, हळदी समारंभ बघायला आल्यासारखी. आई मात्र दारात, उंबऱ्याच्या बाहेर. आत ये म्हटलं तर आली नाही. मी प्रोसेसर बोर्डावर ठेवला. तो आपल्या जागी असा अलगद बसला की मलाच भरून आलं. वरची पट्टी दाबून बंद केली.

"बसला?" आबांनी विचारलं.

"बसला," मी म्हणालो. "आटे जुळले तुमचे."

मग बाकीचं सगळं जोडून, काच लावून, मी बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरले. दिवे लागले, लाल, मग निळे, मग जांभळे. मालन आत्यानं टाळ्या वाजवल्या. पडदा काळाच होता. आम्ही वाट बघितली. पडद्यावर एक पाटी आली की सिग्नल नाही, आणि पडदा झोपून गेला.

मी बंद करून चालू केला. रॅम काढून उलटसुलट घातल्या. वायरी बदलल्या. पंखे दर वेळी तितक्याच उत्साहानं फिरत होते. पाऊण तास हा तमाशा चालला. आत्यानं टाळ्या वाजवणं कधी थांबवलं ते मला कळलं नाही. मग मी म्हणालो की जरा वर जाऊन येतो, रेंज येत नाही इथं.

गच्चीवर मी मोबाईलवर दोन्ही खोक्यांवरची नावं एकत्र लिहून शोधलं. इतक्या दिवसांत ही दोन नावं एकत्र लिहून बघायचं मला सुचलं नव्हतं. कुणीतरी नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि खाली कुणीतरी एका ओळीत उत्तर दिलं होतं. बसेल, पण चालणार नाही. जागा तीच, ठिपके तेवढेच, पण कंपनीनं आतली जोडणी बदललीय. मागच्या वर्षीच्या बोर्डावर या वर्षीचा प्रोसेसर चालत नाही. मला हे कळायला चार मिनिटं लागली. शहापुऱ्यांनी ते चार सेकंदांत सांगितलं असतं.

जिना उतरताना मी वाक्य तयार केलं होतं. 'आबा, बोर्ड चुकीचा घेतला.' एवढंच. त्याहून लांब वाक्यं मी आयुष्यात बरीच बोललो होतो. शेवटच्या पायरीवर आलो तेव्हा आतून मालन आत्याचा आवाज आला. ती म्हणत होती की सोन्यावर कुंकवाचं पाणी गेल्यावर दुसरं काय होणार, मी कालच म्हटलं होतं. आई उंबऱ्यावर बसली होती. तोंडाला पदर होता आणि आवाज न करता रडत होती.

मला बघून ती म्हणाली, "माझ्यामुळं झालं रे."

आबांनी स्टुलावरून मान वर केली.

"इंद्या, कुंकवानं झालं काय?"

साधा, सरळ प्रश्न होता. मी आबांकडं बघितलं आणि त्यांच्यामागं लेथ दिसला. हार घातलेला, तेल लावलेला, उद्या सकाळची वाट बघणारा. मी म्हणालो, "ते ठिपके फार नाजूक असतात. एकदा ओल लागली की होतं असं."

कुणी मला अजून काही विचारलं नाही. तिथं थांबता आलं असतं. पण मी तज्ज्ञ होतो, आणि आता मोठ्या मनाचाही झालो होतो. मी आईजवळ गेलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे आई. तू काय मुद्दाम केलंस का?"

म्हणजे मी आईला माफ केलं. आणि ती इतकी कृतज्ञ झाली की मला तिच्या डोळ्यांकडं बघवेना. तिनं डोळे पुसले, उठली आणि आबांसमोर जाऊन उभी राहिली. चूक पोराची नाही, माझी आहे, असं म्हणाली. त्यानं सगळं बरोबर आणलं, बरोबर जोडलं, माझ्या हातानं नासलं. मग शिक्षा त्याला कशाला? खोली त्याला द्या. दिवाळीला मला काही नको, त्यातून त्याला ती चिप का काय असते ती दुसरी आणून द्या.

आबांनी माझ्याकडं बघितलं. हातात त्यांनी सकाळचं भिंग धरलं होतं, ते उगाच फिरवत होते. शेवटी म्हणाले, "घे खोली."

संध्याकाळी सोनं वाटायची वेळ झाली. मी आपट्याची पानं घेऊन आईच्या पाया पडलो. तिनं पान माझ्या हातात ठेवलं आणि सगळ्या आया म्हणतात तेच म्हणाली, सोन्यासारखा राहा.

त्या दिवाळीला मी बोर्डाला चालेल असा, मागच्या वर्षीचा प्रोसेसर आणला. या वेळी शहापुऱ्यांच्या दुकानात नाही, लांब लक्ष्मीपुरीत गेलो. पाडव्याला माझा कॉम्प्युटर चालू झाला. आई पेढे वाटत होती. नासलेला प्रोसेसर मी फेकून दिला असं घरी सांगितलं. तो फेकण्याचा काही प्रश्नच नव्हता, तो उत्तम होता. माळ्यावरच्या खोलीत माझं पहिलं गिऱ्हाईक आलं, शाहूपुरीतले एक दातांचे डॉक्टर, त्यांच्या मुलासाठी. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मी तो घातला, या वर्षीच्या बोर्डावर. झोकात चालला.

धंदा वाढला. त्यात माझी हुशारी कमी आणि धडा जास्त होता. गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न शहापुऱ्यांचा विचारतो आणि दुसरा आबांचा. आज राजारामपुरीत माझं स्वतःचं दुकान आहे. तिथं काचेवर ठळक अक्षरांत लिहिलंय की सामान जुळवून मिळेल.

आईनं मात्र त्या दिवसापासून हत्यारांच्या पूजेला हात लावला नाही. खंडेनवमीला ती सगळं तयार करून द्यायची, फुलं, वाती, नैवेद्य, आणि स्वतः उंबऱ्याबाहेर उभी राहायची. पूजा आबा करायचे, आणि त्यांचे गुडघे गेल्यावर मी. नातेवाइकांना तर विषय मिळाला होता. लग्नकार्यात कुणी नवा मोबाईल काढला की हमखास कुणीतरी म्हणायचं, वहिनींना लांब बसवा रे. आत्याच्या मुलानं गाडी घेतली तेव्हा ओवाळायला सवाष्णी बोलावल्या, तर आईनंच आपलं ताट शेजारणीच्या हातात दिलं. म्हणाली, मशीनचं काम आहे, माझा हात नको. सगळे हसले. आईपण हसली. मीपण तिथं होतो. सात वर्षांत मी किती वेळा हसलो असेन ते सांगता येत नाही.

मागच्या वर्षीची खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये आता एकच लेथ आहे, तोही आबांना करमावं म्हणून ठेवलेला. त्या वर्षी मी दुकानातला नवा कॉम्प्युटर पूजेसाठी घरी आणला होता. पाटावर ठेवला. आबा स्टुलावर, मालन आत्या त्याच खुर्चीवर. आई ताट घेऊन आली आणि सवयीनं आत न येता उंबऱ्यावर एक पाऊल टाकून मला ताट द्यायला वाकली.

"वहिनी, तिथनंच दे गं," आत्या म्हणाली. "लाख रुपयांचं धूड हाय. तुझा पदरसुद्धा लागाय नको."

आई हसली आणि खरोखरच एक पाऊल मागं गेली. ताट माझ्या हातात होतं. मी ते खाली ठेवलं.

"आई, तो प्रोसेसर नासला नव्हता," मी म्हणालो.

कुणाला काही कळलं नाही. मला पहिल्यापासून सांगावं लागलं. बोर्ड मागच्या वर्षीचा, प्रोसेसर नवा, कुंकू मी पुसलं होतं, एक कण नव्हता, गच्चीवर मला सगळं कळलं होतं. सांगताना माझ्या लक्षात आलं की सगळं मिळून एवढंसं आहे. तेव्हाही एका वाक्यात संपलं असतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आत्यानं उदबत्तीकडं बघितलं. आबांनी घसा खाकरला.

"आटे जुळत नव्हते," ते म्हणाले. "मला म्हाईत हाय. एकादशीला शहापुऱ्याकडं जाऊन आलो हुतो मी. दोन्ही खोकी घेऊन."

मी त्यांना विचारलं, मग मला कधी बोलला का नाहीत.

"बोलायचं तुला हुतं," ते म्हणाले. "मला न्हवं."

आई उंबऱ्यावर टेकली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, आबांकडं बघत होती. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून आणलेल्या भाजीबद्दल बोलावं तसा.

"ह्यांनी सांगितलं हुतं मला तवाच," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांजच्याला. म्हणाले, तुझा काय दोष न्हाई, पोराचा बोर्ड चुकलाय. मला वाटलं माझं मन राखायला बोलत्यात. म्हटलं, गप बसा. तुम्हाला लेथमधलं कळतंय. कॉम्प्युटरमधलं त्याला कळतंय."

सात वर्षांपूर्वी घरातला एक माणूस खरं बोलला होता, आणि आईनं त्याला खोटं ठरवलं होतं, माझ्यावरच्या विश्वासानं. मी तिच्या पायांशी बसलो. मला वाटलं ती डोक्यावरून हात फिरवेल. तिनं फिरवला नाही.

तिनं विचारलं, "मग त्या चिपचं काय झालं?"

"पहिल्या गिऱ्हाईकाला घातली. डॉक्टरांच्या."

"चालली?"

"अजून चालतीय."

तिनं मान हलवली. मनातल्या मनात काहीतरी ताडून बघत असावी.

"म्हंजे मी पुजलेलं चाललं," ती म्हणाली. "तू निवडलेलं चाललं न्हाई."

मालन आत्या हसायला लागली आणि कुणी साथ देईना म्हणून थांबली. आई उठली. तिनं पदर खोचला, करंडा उचलला आणि उंबरा ओलांडून सात वर्षांनी आत आली. पहिल्यांदा लेथला कुंकू लावलं. मग व्हर्नियरला, मायक्रोमीटरला, एकेका पान्याला, आबांच्या त्या भिंगाच्या दांडीला. घाई केली नाही. सगळी ओळ झाल्यावर ती माझ्या पाटापाशी आली, कॉम्प्युटरकडं आणि स्क्रूड्रायव्हरकडं बघितलं आणि करंडा माझ्यापुढं धरला.

"तुझं तू लाव," ती म्हणाली.